‘ब्रॉडकास्ट’ : एका शेतकी शब्दाचा प्रवास

‘ब्रॉडकास्ट’ हा शब्द आपल्या कानांस इतका परिचयाचा झाला आहे कीं, तो मूळचा शेतकऱ्याचा असें सांगितलें तर पुष्कळ वाचकांस नवल वाटेल. ‘ब्रॉड’ म्हणजे विस्तृत व ‘कास्ट’ म्हणजे फेकलेलें. अठराव्या शतकांतील इंग्रजी लेखनांत हा जोडशब्द येतो तो पेरणीच्या संबंधांत. शेतकरी बियाण्याची झोळी अडकवून शेतांतून चाले आणि मुठीमुठीनें बीं डावीउजवीकडे फोकीत जाई. त्या पेरणीचें हें विशेषण. जी रीत एकटीच नांदत असते तिला निराळें नांव लागत नाहीं. जेथ्रो टल यानें १७०१ च्या सुमारास ओळींत बीं पेरणारें यंत्र केलें, पुढें त्या पद्धतीवर ग्रंथहि लिहिला. जुन्या रीतीस नांवाची गरज भासली ती या नव्या रीतीमुळेंच, असें आम्हांस वाटतें. फोकलेलें बीं वाया फार जातें व मागून कोळपणी साधत नाहीं, हा नव्या पक्षाचा आक्षेप. आमच्या दख्खनच्या कुणब्यास या वादाचें हसूंच आलें असतें. पाभर आणि तिफण त्याच्या घरीं टलच्या कितीतरी आधींपासून होत्या. चाड्यावर मूठ धरणें म्हणजे पेरणीस आरंभ करणें, हें त्याच्या बोलण्यांतच मुरलेलें आहे.

एकोणिसाव्या शतकांत हा शब्द बांधावरून बाहेर पडला. पत्रकें, अफवा, पैसा, सारें ‘ब्रॉडकास्ट’ उधळलें जाऊं लागलें. तरी त्यांतली मूठ अद्याप दिसत होती.

मार्कोनीनें १८९६ सालीं इंग्लंडांत बिनतारी संदेशाच्या पेटंटसाठीं अर्ज केला तेव्हां त्याच्यापुढें आदर्श होता तो तारायंत्राचा : एकानें पाठवावें व एकानें घ्यावें. परंतु लहरी एका घरीं जावयास तयार नव्हत्या. त्या चोहोंकडे पसरत, आणि ज्याच्यापाशीं यंत्र असेल त्याला ऐकूं येत. गुप्त संदेश धाडणारास हा मोठाच दोष. समुद्रावरील सर्व जहाजांस एकदम हवामान सांगावयाचें असलें म्हणजे मात्र तोच गुण ठरे. या दोषाचा पूर्णपणें गुण झाला तो १९२० नंतर. त्या वर्षीं २ नोव्हेंबर रोजीं पिट्सबर्गच्या केंद्रानें अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल ऐकविले. १४ नोव्हेंबर १९२२ रोजीं ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनीचे कार्यक्रम लंडनहून सुरू झाले, आणि शेतकऱ्याचा शब्द एका संस्थेच्या नांवांत कायमचा जाऊन बसला.

शब्दाचें मूळ त्या संस्थेच्या ध्यानांतून गेलें नव्हतें. १९३२ सालीं तिची लंडनमधील इमारत वापरांत आली. तिच्या प्रवेशदालनांत एरिक गिल या शिल्पकाराचा पुतळा आहे तो बीं फोकणाऱ्या शेतकऱ्याचा. तेथील लॅटिन लेखांत, चांगल्या बियाण्यास चांगलें पीक येवो, अशी प्रार्थना आहे. संस्थेचे सूत्रधार जॉन रीथ हे स्कॉटलंडांतील एका धर्मोपदेशकाचे चिरंजीव. बायबलांतील पेरणाऱ्याचा दृष्टान्त त्यांस ठाऊक असणारच. कांहीं बीं वाटेवर पडतें व पांखरें खातात, कांहीं खडकावर सुकतें, कांहीं कांट्यांत गुदमरतें. फोकणाराला हें सारें गृहीत धरावें लागतें. तो टाकतो, रुजविणें जमिनीच्या हातीं.

शब्दाच्या रूपाबद्दल विद्वानांत तंटा माजला तो निराळाच. भूतकाळीं ‘ब्रॉडकास्ट’ म्हणावें कीं ‘ब्रॉडकास्टेड’? आज पहिलें रूप बहुमान्य आहे, दुसरेंहि अगदीं मेलेलें नाहीं.

मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं उघडलें. ती कंपनी तीन वर्षांतच बुडाली आणि काम सरकारकडे आलें. पुढें लायनेल फील्डेन यांनीं आपल्या आत्मचरित्रांत जी हकीकत दिली आहे ती मोठी गमतीची आहे. ‘ब्रॉडकास्टिंग’ शब्द हिंदी जिभेस अवघड, असें सुचवून त्यांनीं व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्याच तोंडून ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव वदवून घेतलें. तें जून १९३६ मध्यें रूढ झालें. म्हैसूरला प्राध्यापक गोपालस्वामी यांनीं १९३५ सालीं घरींच जें केंद्र काढलें त्याचें ‘आकाशवाणी’ हें नांव स्वातंत्र्यानंतर सरकारनें उचललें.

नांव गोड खरें. पण त्यांतली कल्पना अगदीं उलट आहे. पुराणांतली आकाशवाणी कधीं चुकत नाहीं, आणि तिला कोणी उत्तरहि देऊं शकत नाहीं. कंसानें ती ऐकली; तिच्याशीं वाद घालण्याची सोय त्याला नव्हती. बीं फोकणारा जमिनीवर अवलंबून असतो, आकाशवाणी कोणावरहि नाहीं. २६ जून १९७५ च्या सकाळीं आणीबाणीची वार्ता देशानें ऐकली ती याच आकाशवाणीवरून. हा दोष शब्दाचा नव्हे हें आम्ही जाणतों. तरी सरकारी खात्यास हें नांव इतकें मानवलें याचें आम्हांस आश्चर्य वाटत नाहीं.

मराठीनें मूळ अर्थ थोडा तरी राखला. ‘ध्वनिक्षेपण’, ‘प्रक्षेपण’ यांतल्या ‘क्षिप्’ धातूंत फेकणें आहे. मात्र क्रिकेटच्या सामन्याचें प्रक्षेपण होतें तसें उपग्रहाचेंहि होतें, त्यामुळें वृत्तपत्राच्या एकाच पानावर क्षणभर घोटाळा उडतो. इंग्रजींत तर ‘कास्ट’ एवढाच तुकडा तोडून २००४ पासून ‘पॉडकास्ट’ झाला. तेथें ऐकणारा आपणच निवडून घेतो, कोणी मूठ उधळीत नाहीं. आमच्या घरांतील मंडळींनीं मात्र यांपैकीं कोणताच शब्द कधीं जवळ केला नाहीं. त्यांच्या भाषेंत रेडिओवर बातम्या लागत असत.