येनो बुझान्स्की

येनो बुझान्स्की (जन्म : ४ मे १९२५, मृत्यू : ११ जानेवारी २०१५) हे हंगेरीचे फुटबॉलपटू व प्रशिक्षक होते. १९५० च्या दशकात जगभर गाजलेल्या हंगेरीच्या 'सुवर्णसंघा'त ते उजव्या बाजूचे बचावपटू (राइट-बॅक) म्हणून खेळत. वेग, चपळता आणि संधी मिळताच आघाडीकडे धाव घेण्याची वृत्ती ही त्यांच्या खेळाची वैशिष्ट्ये होत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील सुवर्णपदक विजेत्या आणि १९५४ च्या विश्वचषकातील उपविजेत्या संघांत त्यांचा समावेश होता. सुवर्णसंघाच्या रूढ अकरा खेळाडूंपैकी सर्वांत शेवटपर्यंत हयात असलेले खेळाडू तेच होत.

प्रारंभिक जीवन

बुझान्स्की यांचा जन्म हंगेरीच्या नैर्ऋत्य भागातील तोल्ना परगण्यात, दोम्बोवार येथे झाला. दोम्बोवार हे रेल्वेचे महत्त्वाचे जंक्शन होते आणि तेथील फुटबॉल क्लबही रेल्वे कामगारांशी निगडित होता. याच क्लबातून त्यांच्या खेळाला आरंभ झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये ते जवळच्या पेच या शहरातील रेल्वे क्लबाकडे गेले. तेथे एक हंगाम खेळून १९४७ मध्ये त्यांनी दोरोगच्या क्लबात प्रवेश केला.

दोरोगमधील कारकीर्द

दोरोग हे उत्तर हंगेरीत, डॅन्यूब नदीकाठच्या एस्तेरगोम या ऐतिहासिक शहराजवळ वसलेले कोळसा खाणींचे छोटे गाव. तेथील क्लब हा खाण कामगारांचा क्लब होता. सुवर्णसंघाचे गोलरक्षक ग्युला ग्रोशिच हेही मूळचे दोरोगचेच; मात्र ते पुढे राजधानीतील क्लबांकडे गेले. बुझान्स्की १९६० मध्ये निवृत्त होईपर्यंत दोरोगकडूनच खेळले.

या निष्ठेचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळाची पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी लागते. १९४९ नंतर हंगेरीतील साम्यवादी राजवटीने क्लबांची पुनर्रचना केली. बुडापेस्टचा किश्पेश्त क्लब सैन्याकडे देण्यात येऊन त्याचे 'होनवेद' असे नामकरण झाले, तर एमटीके हा क्लब राज्य सुरक्षा यंत्रणेच्या अखत्यारीत गेला. देशातील उत्तमोत्तम खेळाडू या दोन क्लबांत एकवटले. सुवर्णसंघाच्या रूढ अकरा खेळाडूंपैकी ग्रोशिच, लोरांत, बोझिक, बुदाई, कोचिश, पुश्काश आणि त्सिबोर हे सात जण होनवेदचे, तर लान्तोश, झाकारियाश आणि हिदेगकुटी हे तिघे एमटीकेचे होते. या दोन्ही क्लबांच्या बाहेरून आलेले अकरावे खेळाडू म्हणजे बुझान्स्की. इतर दहा जणांना आठवडाभर एकत्र सरावाचा लाभ मिळत असे. बुझान्स्की यांना मात्र राष्ट्रीय संघाशी आपला मेळ दूर राहूनच साधावा लागला.

दोरोगने १९५२ मध्ये हंगेरियन चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. एका लहानशा खाण-गावाच्या क्लबासाठी ही मोठीच कामगिरी होती.

राष्ट्रीय संघातील कारकीर्द

प्रशिक्षक गुस्ताव शेबेश यांनी १९५० मध्ये बल्गेरियाविरुद्धच्या सामन्यात बुझान्स्की यांना प्रथम संधी दिली. त्यानंतर १९५६ पर्यंत ते जवळपास ५० आंतरराष्ट्रीय सामने खेळले.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये हंगेरीने रुमानिया, इटली, तुर्कस्तान व स्वीडन यांना पराभूत केले आणि २ ऑगस्ट रोजी झालेल्या अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियावर २-० असा विजय मिळवला. याच युगोस्लाव्हियाने त्या स्पर्धेच्या आरंभी भारताचा १०-१ असा पराभव केला होता, यावरून अंतिम सामन्यातील प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीची कल्पना यावी.

२५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असे हरवले. ब्रिटिश बेटांबाहेरील एखाद्या राष्ट्रीय संघाकडून इंग्लंडचा मायभूमीवर झालेला हा पहिलाच पराभव होय. बुझान्स्की या सामन्यात उजव्या बाजूने खेळले. इंग्लंडच्या संघात त्याच स्थानी आल्फ रॅम्झी होते; रॅम्झी यांचा तो अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. पुढे १९६६ मध्ये इंग्लंडला विश्वचषक जिंकून देणारे प्रशिक्षक ते हेच. सहा महिन्यांनी, २३ मे १९५४ रोजी, बुडापेस्ट येथील परतीच्या सामन्यात हंगेरीने इंग्लंडवर ७-१ असा याहूनही मोठा विजय मिळवला.

१९५४ चा विश्वचषक

स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या या स्पर्धेत बुझान्स्की हंगेरीचे पाचही सामने खेळले. साखळी फेरीत हंगेरीने दक्षिण कोरियाला ९-० आणि पश्चिम जर्मनीला ८-३ असे हरवले. उपांत्यपूर्व फेरीत ब्राझीलवर ४-२ आणि उपांत्य फेरीत गतविजेत्या उरुग्वेवर अतिरिक्त वेळेत ४-२ अशी मात केली.

४ जुलै रोजी बर्न येथे, भर पावसात, पश्चिम जर्मनीविरुद्ध अंतिम सामना झाला. पुश्काश आणि त्सिबोर यांच्या गोलांमुळे पहिल्या आठ मिनिटांतच हंगेरीने २-० अशी आघाडी घेतली. मात्र अठराव्या मिनिटापर्यंत जर्मनीने बरोबरी साधली आणि सामना संपण्यास सहा मिनिटे उरली असताना हेल्मुट रान यांनी निर्णायक गोल केला. हंगेरीचा संघ मे १९५० पासून एकही अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना हरला नव्हता. बुझान्स्की यांचे पदार्पण त्यानंतरचे असल्याने, राष्ट्रीय संघाकडून अधिकृत सामन्यात पराभवाचा अनुभव त्यांना प्रथमच आला, आणि तोही विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात.

खेळाची शैली

त्या काळी बहुतेक संघ तीन बचावपटूंच्या रचनेने खेळत. बाजूच्या बचावपटूने प्रतिस्पर्ध्याच्या विंगरला अडवावे, चेंडू दूर फटकावावा आणि आपली जागा सोडू नये, अशी अपेक्षा असे. हंगेरीने या रचनेत बदल केला. नांदोर हिदेगकुटी हे नावाला मध्य आघाडीपटू असले तरी मागे येऊन खेळत, तर मधल्या फळीतील योझेफ झाकारियाश हे खाली सरकून मध्य बचावपटू ग्युला लोरांत यांच्या शेजारी उभे राहत. त्यामुळे प्रत्यक्षात बचावफळी चार जणांची होई आणि बाजूच्या बचावपटूंना कडेने पुढे जाण्याची मुभा मिळे. पुढे ४-२-४ या नावाने रूढ झालेल्या रचनेचे हे पूर्वरूप मानले जाते.

या व्यवस्थेत बुझान्स्की यांचा वेग विशेष उपयोगी पडला. उजव्या बाजूला त्यांच्यापुढे योझेफ बोझिक हे मधल्या फळीत खेळत. बोझिक यांचा कल चेंडू घेऊन पुढे सरकण्याकडे असल्याने त्यांच्यामागे बरीच मोकळी जागा राहत असे. ती जागा सांभाळणे आणि प्रतिस्पर्ध्याचा विंगर तेथून निसटल्यास त्याला धावत गाठणे हे काम बुझान्स्की यांच्याकडे होते. चेंडू आपल्या ताब्यात असताना तेच बचावपटू कडेने वर सरकत आणि आघाडीला एक जादा साथीदार मिळे. पुढे जाण्याचा उत्साह आणि वेळेवर परतण्याची शिस्त या दोन्हींचा समतोल ज्याला साधतो, त्यालाच ही भूमिका पेलते.

राष्ट्रीय संघासाठी बुझान्स्की यांच्या नावावर गोल नाही. त्यामुळे गोलांच्या आकडेवारीत त्यांचे नाव शोधणाऱ्यास ते सापडत नाही. तथापि पुश्काश, कोचिश आणि हिदेगकुटी यांना जे स्वातंत्र्य मिळाले, ते मागे उभ्या असलेल्या अशा सहकाऱ्यांच्या भरवशावर होते. आजच्या फुटबॉलमध्ये बाजूच्या बचावपटूने आक्रमणात सहभागी होणे सर्वमान्य झाले आहे. या भूमिकेच्या प्रारंभीच्या खेळाडूंत त्यांची गणना करता येते.

१९५६ नंतर

१९५६ च्या हंगेरियन उठावाच्या वेळी होनवेदचा संघ परदेशात होता. पुश्काश, कोचिश आणि त्सिबोर मायदेशी परतले नाहीत आणि सुवर्णसंघ विखुरला. बुझान्स्की यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्दही त्याच वर्षी संपली. मात्र ते हंगेरीतच राहिले आणि दोरोगकडून आणखी चार वर्षे खेळले. निवृत्तीनंतर त्यांनी दोरोग व एस्तेरगोम येथे प्रशिक्षक म्हणून काम केले.

सन्मान व वारसा

दोरोगच्या फुटबॉल मैदानाला बुझान्स्की यांचे नाव देण्यात आले आहे. हंगेरी सरकारतर्फे ज्येष्ठ क्रीडापटूंना दिल्या जाणाऱ्या 'राष्ट्राचा क्रीडापटू' या किताबाचेही ते मानकरी होते.

२००६ मध्ये पुश्काश यांचे निधन झाल्यावर सुवर्णसंघातील ग्रोशिच आणि बुझान्स्की हे दोघेच हयात होते. दोघांचाही दोरोगशी संबंध, हा एक योगायोगच. जून २०१४ मध्ये ग्रोशिच निवर्तले आणि त्यानंतर सात महिन्यांनी, ११ जानेवारी २०१५ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी एस्तेरगोम येथे बुझान्स्की यांचे निधन झाले. वेम्बलीच्या मैदानावर हंगेरीकडून सामन्याला प्रारंभ करणाऱ्या अकरा खेळाडूंपैकी ते अखेरचे होते.