नाना शंकरशेट : दानापलीकडचे देणे

धनिकांच्या दानाविषयी आम्ही कामगार चळवळीतली माणसे जरा हात राखूनच बोलतो. दान देणाऱ्याच्या मर्जीवर चालते; हक्काला मर्जी लागत नाही. तरीही जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना यांचा हिशेब मांडताना त्यांनी काय दिले, याबरोबर ते कशासाठी भांडले हेही पाहिले पाहिजे.

एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक-विद्यार्थ्यांच्या सभेने १८४९ साली मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. मुलीच्या हाती पुस्तक देणे म्हणजे घरावर अरिष्ट ओढवून घेणे, असे मानणारा तो काळ. नानांनी मराठी मुलींच्या शाळेला गिरगावातील आपल्या वाड्यात जागा दिली. एवढ्या मातबर शेटजींच्या वाड्यात शाळा भरते म्हटल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही धीर आला असेल. जागेच्या भाड्यापेक्षा ही पत मोलाची होती.

पण याहून मोठे देणे त्याआधी दोन वर्षांचे आहे. १८४७ साली सरकारी शिक्षण मंडळात शिक्षणाच्या माध्यमावरून दोन तट पडले. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीचा आग्रह धरून बसले. नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे तिघे देशी सभासद, व त्यांच्यासोबत कर्नल जर्व्हिस, देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. हिंदू, पारशी, मुसलमान आणि इंग्रज, चौघांचे मत एक झाले! नाना इंग्रजीचे वैरी नव्हते. परंतु सर्वसाधारण लोकांपर्यंत ज्ञान त्यांच्याच भाषेतून पोहोचेल, हे त्यांनी ओळखले होते.

पुढे १८५० नंतरच्या दशकात मुंबईत गिरण्या सुरू झाल्या. कोकणातून, घाटावरून माणसे आली. परकी भाषा शिकण्यात वर्षे घालवायला त्यांना सवड कुठली? ज्या कागदावर अंगठा उठवायचा त्यातला मजकूरच कळत नसेल, तर त्याला करार कसे म्हणावे?

२००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलांचे शिक्षण हक्काचे झाले. दानाची पायरी आपण ओलांडली. तरी पालिकेच्या मराठी शाळांतली मुले रोडावली आहेत. पोटासाठी इंग्रजीकडे धावणाऱ्या आईबापांना बोल लावण्यात अर्थ नाही. मराठीतून पक्के शिक्षण आणि सोबत उत्तम इंग्रजी, ही मागणी आपणच नेटाने लावून धरली पाहिजे. नानांनी ती मंडळाच्या बैठकीत मांडली होती. आता ती वस्तीवस्तीतून उठली पाहिजे.