जुन्या दुनळी रायफलीचें काडतूस

लंडन किंवा बर्मिंगहॅम येथें शतकापूर्वीं घडविलेली एखादी दुनळी रायफल हातीं येते. पोलादी पट्ट्यांवर बारीक नक्षी, दस्त्याचें अक्रोडी लांकूड अजून तुकतुकीत. नळ्यांच्या पाठीवर कारागिराचें नांव आणि गांव कोरलेलें असतें. पण तिच्यांत कोणतें काडतूस घालावयाचें याचा उल्लेख पुष्कळदां नसतो. ज्या शिकाऱ्यासाठीं ती बनली, त्याला तें ठाऊकच होतें.

नांव असलें तरी तेवढ्यानें भागत नाहीं. ‘४५०’ म्हणजे इंचाचे साडेचारशें सहस्रांश खरे. पण त्या काडतुसाची गोळी मोजली तर ती ४५८ भरते. ‘५७७/४५०’ याचा अर्थ, ५७७ च्या रुंद पितळी नळकांड्याचा गळा आवळून त्यांत ४५० ची गोळी बसविलेली. १८७१ सालीं ब्रिटिश फौजेनें स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री बंदुकीचें काडतूस तें हेंच. ‘४५०/४००’ नांवाचीं काडतुसें तर तीन निरनिराळ्या लांबींचीं होतीं. जर्मन पद्धत अधिक शिस्तीची, व्यास आणि लांबी दोन्ही मिलिमीटरांत सांगणारी. तरीही ‘९·३ × ७२ आर’ हें मूळचें काळ्या दारूचें सौम्य काडतूस व ‘९·३ × ७४ आर’ हें धूरविरहित दारूचें जबर काडतूस, यांत कागदावर अंतर दोनच मिलिमीटरांचें.

जें काडतूस कोठींत शिरतच नाहीं, त्यापासून कोणाला इजा होत नाहीं. भय आहे तें बेमालूम बसणाऱ्या काडतुसाचें. १८८० च्या सुमाराचें सव्वातीन इंची ‘४५० एक्सप्रेस’ हलक्या गोळीचें व काळ्या दारूचें होतें. १८८९ मध्यें आबेल व ड्युअर यांनीं कॉर्डाइट ही धूरविरहित दारू काढली, आणि १८९८ मध्यें रिग्बी यांच्या कारखान्यानें तेंच सव्वातीन इंची नळकांडें घेऊन त्यांत ७० ग्रेन कॉर्डाइट व ४८० ग्रेनची गोळी भरली. बाहेरचें माप तेंच. आंतला दाब मात्र दर चौरस इंचास १७ टन. हें नवें काडतूस जुन्या रायफलींत विनातक्रार सरकतें, नळ्या मिटतात, चापही ओढला जातो. मग फुटते ती नळी, आणि जातात ते धरणाऱ्याचे हात किंवा डोळे.

म्हणून जाणता मनुष्य नांवाआधीं नळ्यांच्या बुडाच्या सपाट अंगावरील छाप पाहतो. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्यें सनद मिळाली. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ च्या कायद्यानें उभें राहिलें. दोन्ही ठिकाणीं नळ्या नेहमींहून जड बारानें उडवून पाहत, व टिकल्या तरच छाप मारीत. ‘कॉर्डाइट ७०–४८०’ असे शब्द व आंकडे तेथें असले तर बरेंच निश्चित झालें. धूरविरहित दारूचा कोणताच छाप नसेल तर ती रायफल काळ्या दारूचीच समजावी. मालकाच्या आठवणींवर तर मुळींच विसंबूं नये. आजोबांनीं वाघ कशानें मारला हें नातवाला क्वचितच नीट ठाऊक असतें.

छापांनीं उलगडा न झाल्यास मोजमाप. तेल लावलेला मऊ शिशाचा गोळा नळींतून पार ठोकीत नेला कीं त्यावर आट्यांचा ठसा उमटतो. कोठीच्या सांच्यासाठीं पूर्वीं गंधक ओतीत. आतां बिस्मथ, शिसें, कथील व कॅडमियम यांची मिश्रधातु वापरतात. ती उकळत्या पाण्याहून कमी उष्णतेंत वितळते, निवतांना प्रथम आक्रसते व मग फुगते. सुमारें तासाभरानें तिचें माप कोठीइतकें होतें. घाईनें मोजलेला सांचा खोटें सांगतो.

हिंदुस्थानांत या कोड्याला आणखी एक गांठ पडली. १९०७ सालीं सरकारनें ४५० व्यासाच्या रायफलींच्या व काडतुसांच्या आयातीस बंदी केली. त्यांतील गोळ्या बंडखोरांच्या मार्टिनी-हेन्रींना उपयोगी पडतील ही धास्ती. मोठ्या शिकारीसाठीं तेवढेंच जोरकस हत्यार हवें होतेंच, म्हणून ४६५, ४७०, ४७६ अशीं नवीं काडतुसें निघालीं. त्यामुळें येथल्या संस्थानी शस्त्रागारांतील रायफल १९०७ च्या आधींची कीं नंतरची, हा प्रश्न आरंभींच विचारणें बरें.

काडतूस ठरलें तरी दुनळीचा एक हट्ट उरतो. तिच्या दोन नळ्या ठराविक दारू व ठराविक वजनाची गोळी धरून, एकमेकींकडे किंचित् झुकवून, कारागिरानें नेमबाजी करीत करीत जुळविलेल्या असतात. भार बदलला कीं डाव्या-उजव्या गोळ्या फांकतात किंवा एकमेकींना ओलांडून जातात. लंडनच्या कांहीं जुन्या कारखान्यांच्या वह्या अजून जपलेल्या आहेत. रायफलीचा अनुक्रमांक कळविला तर ती कोणत्या सालीं, कोणत्या काडतुसासाठीं बनली याची नोंद पुष्कळदां मिळते.