करवत: ढकलायची की ओढायची?

मंडळी, लाकूड कोरायची हौस आली की जो तो आधी पटाशांचा सेट बघतो. पण कोरायच्या आधी लाकूड कापावं लागतं ना! टेंभी नाक्यावरच्या आमच्या वन-रूम-किचनमध्ये वर्कबेंच मावत नाही आणि खालच्या मजल्यावरचे काका दुपारी झोपतात. मग करवत घ्यायची कुठली? थोडा इतिहास बघितला की उत्तर सोपं होतं.

जगात करवतींच्या मुख्य जाती दोन. एक ढकलताना कापते, दुसरी ओढताना. इजिप्तमध्ये थीब्सला रेखमिरे नावाच्या वजिराची कबर आहे, साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. तिच्या भिंतीवर सुतार खांबाला लाकूड बांधून करवत ओढताना दिसतात. कारण सरळ आहे. तांब्या-काशाचं पातं मऊ. ढकललं की वाकणार. इंजिनिअरिंगला बकलिंग शिकलेल्यांना हे सांगायला नकोच :) ओढताना पातं ताणलं जातं, म्हणून ते पातळ असलं तरी सरळ राहतं.

पुढे लोखंड-पोलाद आलं. १७४० च्या दशकात शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समनने मुशीत उत्तम पोलाद बनवलं, आणि शेफील्ड करवतींचं मोठं केंद्र झालं. तिथला सुतार बाकासमोर उभा राहून खांद्याचा जोर लावणारा. त्याला जाड, रुंद, ढकलायची करवत सोयीची. जपानी सुतार मात्र जमिनीलगत काम करायचा, त्याने ओढायचीच ठेवली.

आणि आपला सुतार? तोही जमिनीवर बसून, पायाच्या पंजाने लाकूड दाबून करवत स्वतःकडे ओढायचा. म्हणजे त्याचा बाक त्याच्या अंगातच होता! गंमत बघा, एकोणिसाव्या शतकात मुंबईचं कोरीव शिसवी फर्निचर साहेब लोकांत प्रसिद्ध होतं. जॉर्ज बर्डवुडने १८८० च्या आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली आहे. जमिनीवर बसणाऱ्या हातांनी खुर्चीत बसणाऱ्यांसाठी केलेलं काम ते. पण पुढे बाक आणि ढकलायची करवत म्हणजेच ‘व्यवस्थित’ सुतारकाम, असा समज आपल्याकडे रुजला. आज हार्डवेअरच्या दुकानात हातात पडते तीही बहुतेक ढकलायचीच.

लहान घरात मला जुनी पद्धतच जास्त पटते. बारीक दात्यांची, ओढायची छोटी करवत घ्यावी. बारीक कामाच्या जपानी करवतीचं पातं साधारण ०.३ मिलिमीटरचं असतं, त्यामुळे जोर कमी, भुसा कमी. वळणदार कापायला कोपिंग सॉ, पण पात्याचे दाते मुठीकडे करून बसवा. घेताना एक बघा: कडक केलेले दाते कानशीने घासता येत नाहीत, पातंच बदलावं लागतं. आणि सुरुवात मऊ लाकडावर करा. सावंतवाडीची खेळणी परंपरेने हलक्या पांगाऱ्याची होत असत.

खाली जुनी सतरंजी घाला, म्हणजे आवाज दबतो आणि भुसा एकदम उचलता येतो. लाकूड मात्र नुसत्या पायाने धरू नका हं. ते कसब वर्षानुवर्षांच्या सवयीचं. आपण पाटाला क्लॅम्पने आवळावं.

असो. पटाशांबद्दल पुढच्या विकांताला!