भाव ठरला, पण बाकीचं? घराच्या कागदावरच्या अटींचा इतिहास

ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी हा भाग लिहून देतोय.

आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर सध्या कोणी ना कोणी फ्लॅट बघत असतं. चर्चा एकच: 'किती कमी केले?' दोन लाख कमी झाले की पार्टी. पार्किंग कुठलं, ताबा कधी, लोन नामंजूर झालं तर इसार परत मिळणार का, याचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: 'तो म्हणालाय, देतो म्हणून.' या 'म्हणालाय'ला आपल्याकडे मोठा इतिहास आहे, आणि तो फार सुखाचा नाही.

जुन्या लोकांना किमतीपलीकडचं कळत नव्हतं असं अजिबात नाही. मराठेशाहीतल्या इनामाच्या सनदा बघा. 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप' यांसह जमीन दिली, असं त्यात येतं. म्हणजे पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड आणि जमिनीत पुरलेलं धनसुद्धा! आजही गावाकडच्या एखाद्या खरेदीखतात 'झाड, झाडोरा, दगड, धोंडे, निधी, निक्षेप व तदंगभूत वस्तूंसह' असं सापडतं. हंडा सापडला तर तो कुणाचा, हे आधीच लिहून मोकळे. मला हे भारी वाटतं. पंखे आणि गीझर कुणाचे यावरून आपण चावी घेताना भांडतो, आणि यांनी गवताचीही नोंद केली होती.

प्रश्न बिघडला तो इंग्रजी राजवटीत, जेव्हा तोंडी शब्द आणि कागद यांच्यात कागद जिंकू लागला. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यातली 91 आणि 92 ही कलमं साधारण असं सांगतात: करार लेखी झाला, की त्याच्या विरुद्ध जाणारं तोंडी बोलणं कोर्टात चालणार नाही. फसवणूक वगैरे अपवाद आहेत. आजच्या नव्या साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे.

आता सावकाराच्या ओट्यावर या. शेतकऱ्याला पैसे हवेत. सावकार म्हणतो, गहाणखत नको, खरेदीखतच करू. पैसे फेडलेस की जमीन परत तुझ्या नावावर. याला आपल्याकडे मुदत खरेदी म्हणतात. परतीची अट कागदावर असली तर ठीक. पण ती बऱ्याचदा नुसती बोलण्यात असायची. मुदत संपली की सावकार कागद दाखवायचा, आणि कागद म्हणायचा: विकली. शेतकऱ्याने भावात घासाघीस केली असेलही, पण ज्या एका ओळीवर सगळं अवलंबून होतं ती लिहिलीच नव्हती.

मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला बाजारात उठाव झाला आणि तो पुणे-नगर भागात पसरला. लोकांनी सावकारांच्या घरातून काय मागितलं? कर्जरोखे. ते मिळवले आणि जाळले. शाळेत आपण याला 'दख्खनचे दंगे' म्हणून दोन मार्कांना शिकलो. कर्ज, सारा, कापसाचे पडलेले भाव अशी बरीच कारणं होती. पण लोकांचा राग नेमका कागदावर निघाला, हे मला सगळ्यात बोलकं वाटतं.

त्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला: पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांपासून सुरुवात. पुढे त्यात 10अ हे कलम घातलं गेलं. शेतकरी असेल तर कोर्टाला कागदाच्या मागे जाऊन खरा व्यवहार काय होता ते तपासता येईल, अशी ती तरतूद. म्हणजे 'म्हणाला होता'ला थोडी किंमत आली. पण ती शेतकऱ्यापुरतीच. 1929 मध्ये तर मालमत्ता हस्तांतरण कायद्यात दुरुस्ती होऊन स्पष्टच झालं: परत देण्याची अट त्याच विक्रीच्या दस्तात नसेल, तर तो व्यवहार गहाण मानला जाणार नाही. वेगळ्या चिठ्ठीवर लिहून घेतलं तरी उपयोग नाही.

हाच तो 1882 चा कायदा, मुंबई इलाख्यात 1893 पासून लागू. त्याचं 55 वं कलम माझं आवडतं आहे, कारण ते सरळसरळ डीफॉल्ट सेटिंग आहे. 'विरुद्ध करार नसेल तर' असं म्हणून ते विक्रेत्याची आणि खरेदीदाराची कामं सांगतं. विक्रीच्या तारखेपर्यंतचे सरकारी कर विक्रेत्याने भरायचे. त्याला माहीत असलेला, पण तुम्हाला साधी काळजी घेऊनही कळला नसता असा महत्त्वाचा दोष त्याने सांगायचा. मालकी तुमच्याकडे आली की त्यानंतरचं नुकसान तुमचं. तुम्ही वेगळं काही ठरवलं नाही, तर हे लागू. म्हणजे अटी न ठरवणाऱ्यालाही अटी असतातच, फक्त त्या दुसऱ्याने लिहिलेल्या. भिंतीवरचा ओलाव्याचा डाग डोळ्यांना दिसत होता, तर 'सांगितलं नाही' म्हणणं जड जाईल, हेही त्यातच आलं.

मग मुंबईत फ्लॅट आले, आणि कागद लिहिणारा बिल्डर झाला. 1963 च्या मोफा कायद्याने त्याला पहिल्यांदा बांधलं: किमतीच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेण्याआधी लेखी करार करायचा आणि नोंदवायचा, सोसायटी स्थापायची, जमिनीचं अभिहस्तांतरण करून द्यायचं. शेवटचं काम इतक्या इमारतींत रखडलं की 2008 मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची सोय करावी लागली. पुनर्विकासाच्या मीटिंगला बसलेल्या आई-बाबांना विचारा, 'कन्व्हेयन्स झालंय का?' या प्रश्नावर किती मिनिटं शांतता होते!

पार्किंगचंही तसंच. स्टिल्टमधली जागा बिल्डर वेगळी विकू शकत नाही, ती सामायिक आहे, हे सुप्रीम कोर्टाला 2010 मध्ये सांगावं लागलं. 2019 चं गुरुग्रामचं एक प्रकरण तर प्रत्येकाने वाचावं. करारात लिहिलं होतं: ग्राहकाचा हप्ता चुकला तर 18 टक्के व्याज, ताबा लांबल्यामुळे करार रद्द झाला आणि बिल्डरने पैसे परत करायलाही उशीर केला तर 9 टक्के. कोर्टाने अशा एकतर्फी अटी ग्राहकावर लादता येणार नाहीत असं म्हटलं. रेरा कायद्यात आता दोघांना व्याजदर सारखाच. करार करून नोंदवण्याआधी घ्यायची रक्कम 10 टक्क्यांवर आली. बांधकामातले दोष दाखवायला ताब्यापासून पाच वर्षं मिळाली.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. रेरा बिल्डरसाठी आहे. कोथरूडच्या एखाद्या काकांकडून तुम्ही वीस वर्षं जुना फ्लॅट घेत असाल, तर तिथे ही ढाल बहुधा नाही. तिथे साठेखत, इसारपावती आणि ते जुनं 55 वं कलम. काका चांगलेच असतील हो. पण साठेखतावर सही करण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या: ताब्याची तारीख आणि उशीर झाला तर काय, लोन नामंजूर झालं तर इसाराचं काय, आणि घरात काय काय राहणार त्याची यादी. वकिलाला एकदा दाखवा. काकांना वाईट वाटेल अशी भीती असेल तर यादी त्यांनाच लिहायला सांगा, ते आनंदाने लिहितात असा माझा अनुभव आहे.

पुढच्या भागात पागडी: जिथे खरी किंमत कागदावर कधी आलीच नाही आणि सगळा खेळ भाडेपावतीवर कुणाचं नाव आहे याचा होता. आजी-आजोबा गिरगाव-परळच्या चाळीत राहिले असतील, तर त्यांच्याकडून ऐकलेले किस्से व्हॉइस नोटने पाठवा.