जारचा खर्च कोणत्या खात्यात?

आज्जीच्या इचलकरंजीत पाण्याला पैसे मोजायचे ते फक्त लग्नघरी, पाणक्याच्या कावडीला. एरवी पहाटे पंचगंगेच्या घाटावर जायचं, पदराची घडी घागरीच्या तोंडावर धरायची आणि भरून आणायची. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की तुरटीचा खडा हातात धरून हंड्यात चार वेढे फिरवायची; सकाळी गाळ तळाला, वर नितळ पाणी. एक खडा वर्षभर पुरलाच पाहिजे, असा तिचा दंडक होता. पाण्यावरचा रोखीचा खर्च तेवढाच. बाकीची किंमत तिच्या मानेनं आणि कमरेनं भरली, ती कुणी मांडून ठेवली नाही.

1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला, ही गोष्ट आजोबा अशी सांगायचे, की जणू त्या दिवशी ते शेजारी उभे होते. पुढं मागाला माग लागले. सुताला खळ देणारं सायझिंग आलं, मग कापड धुणारी-रंगवणारी प्रोसेस आली, आणि त्यांचं सांडपाणी घेऊन काळा ओढा नदीला मिळायला लागला. सगळं पाप आमच्याच रंगाचं नाही. वर कोल्हापूरचा जयंती नाला आहे, साखर कारखाने आहेत. पण आजोबा प्रोसेसमध्येच कामाला, म्हणून घरात हा विषय जपून निघायचा. "ज्या पाण्यावर पगार येतोय त्याला नावं ठेवू नयेत," असं ते एकदा म्हणाले, तर आज्जी चुलीपुढनं म्हणाली, "मग प्या की तांब्याभर." ते प्याले नाहीत.

मग गावाची तहान कृष्णेकडं वळली. मजरेवाडीहून योजना आली, आणि तिच्या जलवाहिनीची गळतीही गावाच्या बोलण्यात कायमची आली. नळ काही दिवसांआड यायला लागला, तसा घरोघरी खर्च वाढला: आधी पिंप, मग गच्चीवर टाकी, मग टाकीत पाणी चढवायला मोटर, मग मोटरचं लाईटबिल. पाणीपट्टी भरायची ती वेगळीच.

2012 च्या उन्हाळ्यात काविळीची साथ आली. दूषित पाण्यातनं पसरणारा हेपॅटायटिस ई. माणसं दगावली. गरोदर बायकांना हा आजार फार वाईट, म्हणून आमच्या गल्लीत पोटुशा सुनांना माहेरी धाडलं. घरोघरी पाणी उकळायला लागले आणि सिलिंडर महिना सरायच्या आत संपायला लागला. उकळायचं, निववायचं, गाळायचं. आईचा दिवसातला चांगला वेळ त्यातच जायचा. शेवटी वीस लिटरचा जार आला.

आजोबांच्या खर्चाच्या वहीत दूध, किराणा, पेपर, लाईट अशी खाती होती. जार कुठं लिहायचा यावर ते अडले आणि त्यांनी तो 'दवाखाना' या खात्यात टाकला. पुढं वही वडिलांकडं आली, तरी खातं तेच राहिलं. मला ते फार बरोबर वाटतं. मात्र त्या जारवर ना शिक्का असतो ना तारीख. आपण विश्वासावर पैसे देतो. ज्यांना परवडलं त्यांनी आरओ बसवला, आणि त्यातनं वाया जाणारं पाणी बादलीत धरून भांडी घासायला घेतलं.

जारवाल्याचा दर सगळ्यांना एकच: कारखानदाराच्या बंगल्याला जेवढा, तेवढाच भाड्याच्या खोलीत राहून मागाच्या कांड्या भरणाऱ्या कांडीवालीला. बंगल्याला तो जाणवत नाही. तिच्या मजुरीतनं मात्र रोजचा चहा-साखरेचा पैसा जातो. नदी नासवून ज्यांचं सांडपाण्याच्या प्रक्रियेवरचं खर्चाचं ओझं वाचलं, त्यांच्या वाट्याचं बिल असं दारोदार वाटलं गेलंय.

आता पाणी आणखी लांबून आणायचं म्हणतात. वारणेतनं आणायचं ठरलं तर दानोळीकर आडवे आले. दूधगंगेतनं सुळकूडहून म्हटलं तर कागलकडची गावं उठली. "आधी तुमची पंचगंगा स्वच्छ करा," हे त्यांचं म्हणणं. आज्जी असती तर तिनं त्यांचीच बाजू घेतली असती, आणि खाली जाऊन जारवाल्याकडनं दोन जार जास्तीचे ठेवून घेतले असते.