सातबाऱ्यावरची मदत

नागपूर जिल्ह्याचा भिवापूर तालुका लालभडक, तिखट मिरचीसाठी ओळखला जातो. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा वाळलेली मिरची बाजारात नेण्याचे दिवस होते. शेतीकामे व बाजार समित्यांना केंद्राने दोनच दिवसांत सूट दिली. पण वाहतूक, मजूर आणि गिऱ्हाईक यांची घडी विस्कटलेलीच राहिली. अशा वेळी सरकारने शेतकऱ्यांच्या खात्यात नेमके काय जमा केले, हे समजून घेणे उद्बोधक ठरते.

हप्ता जुनाच

केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी २६ मार्च २०२० रोजी १ लाख ७० हजार कोटी रुपयांची गरीब कल्याण योजना जाहीर केली. त्यात ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना प्रत्येकी २ हजार रुपये देण्याची घोषणा होती. मात्र ही नवी मदत नव्हती. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधीतून वर्षाला तीन हप्त्यांत ६ हजार रुपये मिळतात. त्यातलाच २०२०-२१चा पहिला हप्ता एप्रिलच्या आरंभी देण्यात आला. शेत एक एकर असो वा दहा, रक्कम तेवढीच.

कर्जमुक्तीला खीळ

राज्याच्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत २ लाखांपर्यंतचे थकीत पीककर्ज माफ होणार होते. त्यासाठी आधार प्रमाणीकरण आवश्यक होते आणि नेमके तेच काम टाळेबंदीत रखडले. खरीप तोंडावर आल्याने मे २०२० मध्ये राज्य सरकारने बँकांना सूचना दिली : यादीतील शेतकऱ्यांची थकबाकी ‘शासनाकडून येणे’ दाखवून त्यांना नवे पीककर्ज द्यावे.

नाव नसेल तर?

या दोन्ही योजना कागदावर उभ्या होत्या. सन्मान निधीसाठी १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन नावावर असणे ही अट आहे. त्यानंतरचा फेरफार केवळ वारसाहक्कानेच ग्राह्य धरला जातो. पती, पत्नी व अज्ञान मुले मिळून एक कुटुंब मानले जाते. प्राप्तिकर भरणारे त्यातून वगळलेले आहेत. दुसऱ्याची जमीन ठेक्याने वा बटईने कसणाऱ्याला मात्र या योजनेत स्थानच नाही. विदर्भात अशी शेती सर्रास चालते. बियाणे, फवारणी, तोडणीची मजुरी हा खर्च कसणाऱ्याचा, पीक बुडाल्यास तोटाही त्याचाच. हप्ता मात्र सातबाऱ्यावर नाव असलेल्या मालकाच्या खात्यात.

भूमिहीन कसणाऱ्याच्या वाट्याला आले ते शिधापत्रिकेवरचे मोफत धान्य, घरातील स्त्रीचे जनधन खाते असल्यास तीन महिने दरमहा ५०० रुपये, आणि रोजगार हमीची राज्यात २०६ वरून २३८ रुपये झालेली मजुरी. शेतकरी म्हणून त्याला काहीच मिळाले नाही.

साथ ओसरल्यावर, २०२३ मध्ये राज्याने नमो शेतकरी महासन्मान निधीद्वारे वर्षाला आणखी ६ हजार रुपये देऊ केले. त्यासाठीही केंद्राच्या योजनेचेच लाभार्थी धरण्यात आले. परिणामी रक्कम दुप्पट झाली. यादीबाहेरचा शेतकरी बाहेरच राहिला.